शेत असेल तिथंच मुक्काम

निगडी, आकुर्डी, चिंचवड, वाकड. इथल्या घरांत इटलीच्या सहलीचं पत्रक आलं की बहुधा चार नावं ठरलेली असतात: रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस. या शहरांच्या मधल्या रस्त्यावर द्राक्षांच्या रांगा, ऑलिव्हच्या बागा, टेकडीवरची दगडी घरं खिडकीबाहेरून सरकत जातात आणि बसमधले प्रवासी झोपलेले असतात, कारण त्यांना पहाटेच उठवलेलं असतं. इटलीतली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी झोपेत निघून जाते.

माझं म्हणणं सरळ आहे. इटलीला जाणार असाल तर निम्मे दिवस शेतावर काढा. जाणार नसाल तर चाकणच्या पुढं जाऊन शेतावर राहा. दोन्हीकडे अट एकच: जिथं शेती चालू आहे तिथंच उतरायचं. शेतीचं नुसतं चित्र लावलंय तिथं एक रात्रही घालवू नका.

आपल्या पट्ट्याला इटली परकी नाही. आपली तिच्याशी ओळख झाली ती रोममधून नव्हे, छोट्या गावांतून. आकुर्डीत बजाजनं 1960 च्या दशकात ज्या व्हेस्पा बनवल्या त्या पियाजिओच्या परवान्यावर. 1971 मध्ये परवाना संपला आणि पुढच्याच वर्षी चेतक रस्त्यावर आली. या पियाजिओचं गाव पोंतेदेरा, तोस्कानातलं. आपण ज्याला टस्कनी म्हणतो तोच हा प्रदेश. चाकणला ब्रेक बनवणारी ब्रेंबो बर्गामोच्या परिसरातली. रांजणगावची कॅरारो पादोव्हाजवळच्या कांपोदार्सेगोची. बारामतीत मुलांसाठी किंडर जॉय बनवणारी फेरेरो पिमाँतेतल्या आल्बा गावची. महायुद्धानंतर कोको मिळेना, तेव्हा आसपासच्या टेकड्यांवर पिकणारे हेझलनट चॉकलेटात घालून ही कंपनी उभी राहिली. म्हणजे आपल्या कामगारांनी ज्यांच्यासाठी पाळ्या केल्या, त्यातले बरेच मालक शेतांच्या मधोमध वाढलेले. ती शेतं बघायला आपण कधी थांबत नाही.

पिसाच्या मनोऱ्याला हात लावल्याचा फोटो काढून झाला की फ्लॉरेन्सच्या गाडीत बसा आणि वाटेत पोंतेदेराला उतरा. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. जुन्या कारखान्यातच पियाजिओचं संग्रहालय आहे. तिथं सुरुवातीच्या व्हेस्पा आहेत, 1948 पासूनची तीनचाकी आपे आहे. आकुर्डीच्या कारखान्यात ज्यांच्या वडिलांनी आयुष्य काढलं त्यांनी वडिलांना मनोऱ्याआधी इथं न्यावं. पत्र्याचा तो गोल पाठीमागचा भाग कसा दाबला जातो हे त्यांना गाईडपेक्षा चांगलं सांगता येईल. मग तिथूनच भाड्याची गाडी घेऊन व्हालदेराच्या टेकड्यांमध्ये मुक्कामाला जा.

मुक्काम कुठं? तिथं अशा जागेला आग्रितुरिस्मो म्हणतात. ही जागा का आणि कशी जन्मली हे समजून घेतलं तर चाकणबद्दलही बरंच कळतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

1951 मध्ये इटलीत काम करणाऱ्यांपैकी 40 टक्क्यांहून जास्त लोक शेतीत होते. वीस वर्षांत हा आकडा 20 टक्क्यांच्या खाली आला. तोस्काना आणि उंब्रियात शेती बहुतेक अर्धेलीची: जमीन मालकाची, राहतं घरही मालकाचं, घाम कुळाचा आणि पीक निम्मं-निम्मं. कारखान्यात महिन्याच्या महिन्याला पगार मिळू लागल्यावर कुळाची पोरं शेतावर कशाला थांबतील? तूरिननं ओढली, मिलाननं ओढली, पोंतेदेराच्या कारखान्यानंही आसपासच्या शेतांतून हात उचलले. 1964 मध्ये अर्धेलीचे नवे करार कायद्यानं बंद झाले, पण तोवर टेकड्यांवरची कितीतरी दगडी घरं कुलूपबंद झाली होती. ही गोष्ट निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळीच्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको. त्यांनी ती आपल्या डोळ्यांनी बघितली आहे.

फरक पुढं पडला. 1965 मध्ये तिथं आग्रितुरिस्त ही संघटना निघाली. शेतकऱ्यानं आपल्या घरातल्या रिकाम्या खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, आपलं पिकलेलं त्यांना खाऊ घालावं आणि त्या पैशावर शेती टिकवावी, हा तिचा उद्देश. 5 डिसेंबर 1985 ला देशाचा कायदा झाला, 2006 मध्ये तो नव्यानं लिहिला गेला. या कायद्यातल्या तीन अटी महाराष्ट्रात मोठ्यानं वाचून दाखवाव्यात अशा आहेत. पाहुणे ठेवायचा हक्क फक्त शेतकऱ्याला. पाहुण्यांना ठेवायचं ते शेतावर आधीपासून उभ्या असलेल्या घरात, म्हणजे पाहुण्यांच्या नावाखाली रानात नवं बांधकाम ठोकता येत नाही. आणि शेतीचं काम हे पाहुण्यांच्या कामापेक्षा जास्त असलंच पाहिजे. ते कसं मोजायचं हे प्रांतांनी ठरवायचं, पण मुख्य माप कामाच्या वेळेचं: शेतात किती तास, पाहुण्यांसाठी किती तास. दहापर्यंत पाहुणे ठेवणाऱ्या लहान शेतकऱ्याला या हिशेबातून मोकळीक आहे, कारण दहा माणसांसाठी कोणी शेती सोडत नाही. जेवणात मुख्यतः स्वतःच्या आणि आसपासच्या शेतातलंच हवं, असंही कायदा सांगतो. आज इटलीत अशी 25 हजारांहून जास्त शेतघरं आहेत. त्यांच्या टेकड्या अजून टेकड्या आहेत, त्यांच्यावर गहू आणि द्राक्षं आहेत, आणि जग ते बघायला पैसे मोजतं.

आता जागा. पहिल्यांदा जात असाल तर व्हाल दोर्च्या: पिएन्त्सा, मोंताल्चिनो, सान क्विरिको या गावांच्या मधला टापू, 2004 पासून जागतिक वारशात. सायप्रेस झाडांच्या रांगा असलेली ती कॅलेंडरवरची पायवाट इथली. मे महिन्यात गहू हिरवा असतो आणि बांधावर लाल पॉपी फुललेली असते. आपल्या शाळांची सुट्टीही तेव्हाच. मेंढीच्या दुधाचं चीज बनवणाऱ्या एखाद्या घरात तीन रात्री काढा. ज्यांना ऑक्टोबरमध्ये सवड आहे त्यांनी आल्बाच्या बाजूला, लांगेच्या टेकड्यांत जावं. बारोलोची द्राक्षं नुकतीच उतरलेली असतात आणि आल्बात ट्रफलचा बाजार भरलेला असतो. दक्षिणेला पुलियात त्रुल्ली नावाची शंकूच्या छपरांची चुनखडीची घरं आहेत, आल्बेरोबेल्लो आणि लोकोरोतोंदोच्या आसपास. तिथं मुक्काम स्वस्त पडतो आणि समुद्रही जवळ. उत्तरेला आल्प्सच्या कुशीत, साउथ टिरोलमध्ये, शेतकरी संघानं ‘लाल कोंबडा’ नावाचं चिन्ह तयार केलंय. त्या पाटीखालचं घर म्हणजे खरोखर सफरचंद पिकवणारं किंवा गाई पाळणारं घर. देशभर सूर्यफुलांची पाटीही असते, एक ते पाच फुलं. मुक्काम निवडताना पोहण्याच्या तलावाचा फोटो बाजूला ठेवा आणि ही पाटी शोधा.

गाडी लागते, त्याला इलाज नाही. रविवारी खेड्यातल्या बस जवळपास नसतातच. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या, आणि जुन्या गावांच्या मधल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते तिथं चुकूनही शिरू नका, दंड घरपोच येतो. जुलै-ऑगस्टमध्ये बरीच शेतघरं आठवड्याखाली खोली देत नाहीत. ऑगस्टात तसंही जाऊ नका. ऊन कडक, आणि 15 तारखेच्या सणाला सगळी इटली सुट्टीवर.

खाण्याची चिंता करून बॅगेत ठेपले भरून नेणाऱ्यांना एक सांगायचंय. इटलीचं शहर शाकाहाऱ्याला कंटाळा आणेल, खेडं नाही आणणार. तोस्कानात पिसाच्या बाजूला चेचिना मिळते: हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. आपल्या बेसनाच्या पोळ्याची ती सख्खी बहीण आहे. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि काळी कोबी घालून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळलेलं सार. पुलियात वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट वरण कडू पालेभाजीसोबत येतं. हे सगळं गरिबाचं, कुळाच्या घरचं जेवण आहे. फक्त मागताना मांस आणि मांसाचा रस्सा नको हे स्पष्ट सांगा, आणि रात्री आठच्या आधी जेवण मागू नका.

मराठी माणसानं इटलीत बघायलाच हवी अशी एक जागा मात्र कुठल्याच पत्रकात मला दिसत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

उंब्रियात, पेरुजा जिल्ह्यात, मोंतोने नावाचं टेकडीवरचं गाव आहे. खाली टायबर नदीचं वरचं खोरं पसरलेलं. 10 जुलै 1944 ला या खोऱ्यात माणगाव तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचा यशवंत घाडगे लढत होता. वय 22, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा नाईक. समोरून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या तुकडीतला एकेक जण पडला. तो एकटा धावला, हातगोळा टाकून ती मशीनगन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता तेव्हा बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्यांना आडवं केलं आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळीनं गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची समाधी कुठंच नाही, कसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव आहे. जुलै 2023 मध्ये मोंतोने गावानं आणि तिथल्या युद्धइतिहासाच्या अभ्यासकांनी त्याच्या नावानं स्मारक उभं केलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये सगळे एकाच सूर्याखाली राहतात असा आशय कोरलाय. ज्या गावाशी घाडग्यांचं काही नातं नव्हतं त्यानं त्यांना जपलं. आपण तिथून शंभर-दीडशे किलोमीटरवर फ्लॉरेन्समध्ये चामड्याचे पट्टे खरेदी करत फिरतो.

दुसरा सैनिक, नामदेव जाधव. संगमनेर तालुक्यातल्या निमजचा. नाशिक फाट्यावरून चाकणमार्गे जो रस्ता आपण रोज शिव्या घालत चालतो तोच पुढं संगमनेरला जातो. 9 एप्रिल 1945 ला रोमान्यातली सेनियो नदी ओलांडताना त्यानं दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणलं, आणि मग हाताला जखम झाली तरी मशीनगनच्या तीन चौक्या बंद पाडल्या. तो वाचला, मायदेशी परतला. इटलीच्या लढाईत 50 हजारांहून जास्त भारतीय सैनिक होते, 5,782 परत आले नाहीत. फोर्लीला भारतीय सैन्याचं वेगळं युद्धस्मशान आहे. तोस्काना-उंब्रिया-रोमान्या या वाटेवर दोन शेतघरांत मुक्काम केला तर हे सगळं चार दिवसांत बघून होतं. मुलांना घेऊन जा. ती माती त्यांच्याही ओळखीची आहे हे त्यांना कळू द्या.

आता आपल्या बाजूला येऊ.

कारखान्यानं शेतातले हात ओढले, घरं रिकामी पडली, इथवर चाकण आणि तोस्काना यांची कहाणी एकच. पुढं आपल्याकडे घर नव्हे, जमीनच रिकामी झाली. रस्त्याकडेचे फलक बघा: फार्महाऊस प्लॉट, एनए प्लॉट, डोंगराच्या कुशीत, धरणाच्या काठी. जिथं पाच वर्षांपूर्वी भात होता तिथं आता कृत्रिम हिरवळ, पोहण्याचा तलाव, खोट्या पावसात नाचायचा चौथरा आणि दारावर ‘कृषी पर्यटन’ अशी पाटी. बैलगाडी आहे, बैल भाड्याचे. चूल आहे, तिच्यावर फोटोपुरता तवा. हुरडा आहे, तो दुसऱ्या जिल्ह्यातून पोत्यात आलेला. मी याला कृषी पर्यटन म्हणायला तयार नाही. शेती मारून तिच्या नावानं पैसे मिळवण्याचा हा धंदा आहे, आणि आपण शनिवार-रविवारी गाड्या भरभरून तिथं जातो म्हणून तो चालतो.

पवनेच्या काठाचंच घ्या. पिंपरी-चिंचवडचं बहुतेक पाणी पवना धरणाचं. हे पाणी शहरात आणणाऱ्या बंद जलवाहिनीला विरोध करायला मावळातले शेतकरी 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला. त्याच धरणाच्या काठावर आज तंबूंच्या रांगा आहेत आणि रात्री दोनपर्यंत गाणी. तंबू लावणारी पोरं त्याच गावांतली आहेत, जमिनी गेल्यावर त्यांनी दुसरं करायचं काय, त्यांना मी बोल लावत नाही. बोल लावतो तो आपल्याला. ज्यांचं पाणी आपण पितो त्यांच्या दारात जाऊन आपण आवाज तरी कमी ठेवावा. आणि तंबूऐवजी मागच्या वाडीतल्या भात लावणाऱ्या घरात उतरावं.

कारण शेती अजून आहे. चाकणपासून तासा-दीड तासात आहे. (चौकातली कोंडी धरून नव्हे, म्हणून पहाटे सहाच्या आत निघा.)

सुरुवात चाकणलाच करा, शनिवारी. कांदा, बटाटा, लसूण, जनावरं, असा हा बाजार भरतो. कारखान्यांच्या नावांनी ओळखलं जाणारं चाकण त्या सकाळी शेतकऱ्यांचं असतं. माल घेऊन आलेल्या तीनचाकींत बारामतीत बनलेल्या आपे दिसतील, पोंतेदेरावरून आलेल्यांना त्या लगेच ओळखू येतील. बाजारापासून जवळच संग्रामदुर्ग आहे. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाला इथं जवळपास दोन महिने अडवून धरलं. खंदक आणि तटाचे अवशेष वस्तीत गुरफटलेत, तरी बघा. मग आंबेठाण. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेल्या शरद जोशींनी इथं कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः तोट्यात शेती करून बघितली आणि 1980 मध्ये कांद्याच्या भावासाठी चाकणचा रस्ता अडवला. शेतकरी संघटना या मातीतून निघाली. शेतमालाला खर्चाएवढाही भाव मिळत नाही, हे त्यांनी ज्या गावात मांडलं तिथंच आज शेताला पाहुण्यांचा आधार लागतोय. त्यांचं म्हणणं अजून जुनं झालेलं नाही.

राजगुरुनगरच्या पुढं भीमेच्या काठानं वर सरका. चास हे काशीबाई पेशव्यांचं माहेर, सोमेश्वराचं देऊळ नदीकाठी आहे. त्याच्याही वर, भोरगिरीपर्यंत गेलात तर भात, नाचणी आणि हिरड्याचं रान लागतं. महादेव कोळ्यांची घरं आहेत. ऑगस्टमध्ये पाऊस इतका की खाचराच्या बांधावरून चालताना छत्रीचा उपयोग होत नाही. कोटेश्वराच्या देवळापासून भीमाशंकरची पायवाट निघते. इथं राहायची सोय म्हणजे कोणाच्या तरी घरातली पडवी, तांदळाची भाकरी आणि कालवण. मला विचाराल तर या पट्ट्यातला सगळ्यात चांगला मुक्काम हाच.

आंबेगावात सातगाव पठार आहे, पावसाळी बटाट्याचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी चालू असताना मुलांना मातीत हात घालू द्या. शिरूरला मोराची चिंचोली सगळ्यांना ठाऊक आहे. चिंचेची जुनी झाडं, पहाटे अंगणात येणारे मोर, मासवडी, ठेचा. पण तिथंही निवडून उतरा, ज्यांच्या गोठ्यात शेण आहे त्यांच्याकडे. जुन्नर तालुक्याला 2018 मध्ये सरकारनं विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट आहेच, पण जानेवारी ते मार्च द्राक्षाच्या बागेत एक दुपार काढल्याशिवाय जुन्नर बघितलं असं म्हणू नका. आणि जुन्नर-शिरूरच्या उसात बिबट्या आहे, ही मजा नव्हे. अंधार पडल्यावर घरमालक आत या म्हणाला की आत यायचं. मावळात इंद्रायणी तांदूळ 1987 मध्ये वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झाला. आपण तो रोज खातो. त्याची लावणी जुलैत आणि कापणी दिवाळीच्या आगेमागे असते. एकदा बेडसे किंवा भाज्याची लेणी बघून संध्याकाळी त्या घरी जेवा, जिथं तो पिकतो.

आणि घासाघीस करू नका. तोस्कानात एका रात्रीचे शंभर-सव्वाशे युरो आपण तोंडातून शब्द न काढता देतो. भोरगिरीच्या मावशींनी पहाटे उठून केलेल्या भाकरीच्या ताटावर वीस रुपये कमी करायला लावणं शोभत नाही.

धोरण आपल्याकडेही आहे. बारामतीजवळ पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी 2005 च्या सुमारास कृषी पर्यटनाचं केंद्र उभं केलं. इटलीचे कारखाने ज्या तालुक्यात आले त्याच तालुक्यात इटलीची ही कल्पनाही रुजली. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही नोंदणी करता येते, ही त्यातली चांगली गोष्ट. अपुरं आहे ते असं, की शेती पाहुण्यांपेक्षा जास्त असायलाच हवी आणि जुनं घरच वापरायचं, या इटलीच्या अटींचा कणा त्याला नाही. एक एकर दाखवायला असलं की बाकी कशावरही पाहुणे पोसता येतात.

तास मोजायला माणसं नाहीत, असं उत्तर येईल. माणसं नकोतच. आपल्याकडे मोजायचं साधन आधीपासून आहे. सातबाऱ्यातला सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पीक. ऑगस्ट 2021 पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणीत आपलं पीक फोटोसह नोंदवतो. कृषी पर्यटनाची नोंदणी आणि तिचं नूतनीकरण या बाराशी जोडा. सलग दोन हंगाम जमीन पडीक दिसली किंवा त्यावर हिरवळ आणि तलाव निघाला, की पाटी उतरवा. नवी खोली बांधायची असेल तर आधी जुन्या घरात पाहुणे ठेवून दाखवा. पर्यटन संचालनालय आणि महसूल खातं एका टेबलावर बसले तर हे एका परिपत्रकाचं काम आहे. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या अधिवेशनात एवढं तरी विचारावं.

ते होईपर्यंत आपल्या हातात फोन आहे. मुक्काम ठरवण्याआधी लावा आणि खोलीत एसी आहे का हे विचारण्याआधी विचारा: आत्ता रानात काय उभं आहे? जेवणातली भाजी कोणाच्या शेतातली? गोठ्यात जनावरं किती? घर किती जुनं? खरा शेतकरी असेल तर तो या प्रश्नांनी खूश होईल आणि दहा मिनिटं बोलत राहील. गट नंबर सांगितला तर महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा उघडून खालचा बारा वाचा. तिथं भात, कांदा, बटाटा, ज्वारी असं काही दिसलं तर आगाऊ पैसे पाठवा. पडीक दिसलं तर दुसरा नंबर लावा.